एका 'एस'मुळे अडकलेली खोली: फ्रेंचच्या पूर्ण भविष्यकाळाचं एक प्रकरण

फ्रान्समध्ये खोली बघणाऱ्या माझ्या एका विद्यार्थिनीला तिथल्या घरमालकीणबाईंकडून आलेलं उत्तर दोनच ओळींचं होतं. पहिली ओळ, "वूझोरिये पेये… मे?" म्हणजे "तुम्ही पैसे भरले असते… पण?" आणि दुसरी, की खोली हवीये का नको ते शुक्रवारपर्यंत कळवा, अजून दोघं विचारतायत. तिने हे मला रात्री साडेदहाला फॉरवर्ड केलं आणि खाली लिहिलं, "मॅडम, मी तर भरणार आहे असंच लिहिलं होतं, मग ह्या 'पण' काय विचारतायत?"

मी फ्रेंच शिकवते, आणि पूर्ण भविष्यकाळ, म्हणजे 'तोवर झालेलं असेल' असं सांगणारा काळ, ज्याला फ्रेंचमध्ये फ्युतूर आंतेरिअर म्हणतात, तो मी इतकी वर्षं एका तासात उरकत आले होते. आव्वार (जवळ असणं) किंवा एत्र (असणं) ह्या मदतनीस क्रियापदाचा साधा भविष्यकाळ घ्या, त्यापुढे धातूचं पासे कोंपोझेमधलं, म्हणजे झालेली गोष्ट सांगणाऱ्या भूतकाळातलं, जे रूप असतं ते ठेवा, झालं. तक्ता पाठ, दहा वाक्यं गाळलेल्या जागांची, पुढचा धडा. ह्या मुलीलाही तसंच शिकवलेलं आणि तिला तक्ता चोख येत होता. म्हणून हे प्रकरण मला सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण तक्ता येऊनही तिच्या एका मेलमध्ये ह्या काळाच्या पाच जागा होत्या आणि पाचही चुकल्या होत्या, आणि चुकांची कारणंही वेगवेगळी.

खाली फ्रेंच वाक्यं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितेय. जिथे नुसत्या उच्चाराने भागत नाही तिथे स्पेलिंग अक्षरांनी सांगेन.

परिस्थिती अशी. ती देल्फ ह्या फ्रेंचच्या परीक्षेची बी-एक पातळी पास झालेली, पुढच्या बी-दोनची तयारी चालू, सप्टेंबरपासून फ्रान्समधल्या लियों शहरात शिकायला जायचं पक्कं झालेलं, व्हिसा मात्र हातात नाही. तिथल्या एका घरमालकीणबाईंची फर्निचरसकट खोली तिने बघून ठेवली होती. फ्रान्समध्ये फर्निचर असलेल्या घराचं डिपॉझिट, त्याला ते कोसियों म्हणतात, जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या भाड्याइतकं घेता येतं, आणि सप्टेंबरच्या तोंडावर विद्यार्थ्यांच्या शहरांमध्ये खोल्या भराभर जातात, त्यामुळे बाईंना एवढंच हवं होतं की ही मुलगी पैसे कधी भरणार आणि येणार कधी. साधी मागणी. आणि तिने लिहिलेल्या मेलचा गाभा हा होता:

"कां ज रस्वा ल विझा, ज वूझांवेरे ला कोपी. जोरे पेये ला कोसियों आवां ल 30 ऊत. सी जोरे त्रूवे अं गारां, ज वू ल दिरे. ल 1 सेप्तांब्र जोरे आरिवे आ लियों, ए ल 2 ज मोरे देजा अँस्ताले."

तिच्या मनात होतं ते असं: व्हिसा मिळाला की कॉपी पाठवते, 30 ऑगस्टच्या आत डिपॉझिट भरलेलं असेल, तोवर गारां म्हणजे भाडं थकलं तर भरायची हमी देणारं माणूस मिळालेलं असलं तर तसं कळवेन, 1 सप्टेंबरला मी लियोंला पोहोचलेली असेन आणि 2 तारखेला खोलीत राहायला आलेली असेन.

आधी त्या 'पण'चं बघू, कारण खोली त्यावर अडली होती. दुसऱ्या वाक्यातल्या 'जोरे'च्या शेवटी तिने ए-आय-एस लिहिलं होतं. हवं होतं नुसतं ए-आय. एस नसलेलं जोरे हा भविष्यकाळ, एस लागलं की तो कंडिशनल, म्हणजे 'झालं असतं' छापाचं रूप. बोलताना दोन्ही जवळजवळ सारखं ऐकू येतं, जुन्या शिस्तीच्या उच्चारात पहिल्याचा शेवट बंद आणि दुसऱ्याचा जरा उघडा, 'अॅ'कडे झुकणारा असतो, पण फ्रान्समधलेही कितीतरी लोक हा फरक बोलण्यात पाळत नाहीत. देवनागरीत लिहिलं तर दोन्ही 'जोरे'च, बघा ना वर, ओळखू येतंय का? आणि ती भाषा शिकली होती मुख्यतः ऐकून. त्यात मेलच्या आधीचे दोन आठवडे आमचं 'तू सांगितलं असतंस तर मी आले असते' छापाच्या वाक्यांवर काम चाललेलं, म्हणजे हाताला एस लिहायची सवय ताजी होती.

मी तिला त्या रात्री व्याकरणातला एकही शब्द न वापरता एवढंच विचारलं, की हे मराठीत दोनदा लिही, एकदा एस नसलेलं आणि एकदा एस असलेलं. तिला जमेना. मग मीच लिहून पाठवलं:

एस नाही: मी डिपॉझिट भरलं असेल.
एस आहे: मी डिपॉझिट भरलं असतं.

दोन मिनिटं काही आलं नाही आणि मग आलं, "अरे देवा, म्हणून 'पण' विचारलं त्यांनी!" हो, म्हणूनच. 'मी पैसे भरले असते' असं कुणी आपल्याला म्हटलं आणि तिथेच थांबलं तर आपणही म्हणू ना, 'असते, पण काय?' त्या बाईंनी अगदी तेच केलं. त्यांच्या कानाला ते वाक्य अर्धवट होतं, पुढे नकार येणार असंच वाटणारं.

असेल आणि असतं. माझ्या मते फ्रेंच शिकणाऱ्या मराठी माणसाला ह्या काळासाठी ही एवढी जोडी पुरते आणि आम्ही शिक्षक ती देत नाही, आम्ही इंग्रजीतून जातो. मीही तेच करत होते. इंग्रजीत ह्या दोन गोष्टी बऱ्याच वेगळ्या दिसतात त्यामुळे धोका जाणवतच नाही, मराठीत मात्र त्या फ्रेंचसारख्याच एका अक्षराच्या अंतरावर आहेत आणि आपण आयुष्यात कधी असेलच्या जागी असतं म्हणत नाही.

लिहिताना खात्री करायची असेल तर वाक्य 'नू'मध्ये, म्हणजे 'आम्ही'मध्ये फिरवायचं. भविष्यात नूझोरों, कंडिशनलमध्ये नूझोरियों. तो मधला 'रि' कानाला ठसठशीत लागतो, तिथे घोटाळा होऊच शकत नाही. किंवा 'तो'मध्ये, इलोरा आणि इलोरे. 'नूझोरों पेये' बरोबर वाटलं तर एस नाही. हे तिला मी फोनवर सांगितलं आणि तिने लगेच स्वतःचं वाक्य फिरवून पाहिलं, नूझोरियों पेये म्हणाली, थांबली, आणि म्हणाली नाही हो, नूझोरों.

शुक्रवार तीन दिवसांवर होता. त्या रात्री बाईंना फक्त एक ओळ गेली, की लिहिण्यात चूक झाली, डिपॉझिट नक्की भरणार आहे, सविस्तर मेल उद्या पाठवते. मग दुसऱ्या दिवशी आम्ही दोन तास बसलो.

पहिलं वाक्य, "कां ज रस्वा". कां म्हणजे जेव्हा. 'रस्वा' हा वर्तमानकाळ आहे, आणि तो आला कुठून हे विचारायलाच नको, इंग्रजीत 'जेव्हा'च्या मागे भविष्यकाळ चालत नाही, वर्तमान घालतात, शाळेत तेच घोटून घेतलेलं. फ्रेंचला हे मान्य नाही. फ्रेंचचं म्हणणं, गोष्ट पुढे घडणार आहे ना, मग दोन्हीकडे भविष्य लावा. आणि दोनपैकी एक आधी संपून मग दुसरी होणार असेल तर आधी संपणाऱ्याला पूर्ण भविष्य लावा. म्हणून "कां जोरे रस्यू ल विझा, ज वूझांवेरे ला कोपी".

आता मी तिला विचारलं, मराठीत तू हे कसं म्हणतेस? "व्हिसा मिळाला की पाठवते." बघ, म्हटलं, 'मिळाला'! 'मिळतो की पाठवते' नाही म्हणालीस. म्हणजे मिळणं पूर्ण होणार आणि मग पाठवणं, हे मराठीने आधीच पकडलंय, फक्त ते पुढे होणार आहे हे मराठी 'मिळाला'मध्ये दाखवत नाही, संदर्भावर सोडते. फ्रेंच दोन्ही दाखवते, पूर्ण झालेलं 'रस्यू'मध्ये आणि पुढचं 'जोरे'मध्ये. तेव्हा डोक्यात 'झालं की, मिळालं की, आले की' असं 'की' आलं आणि वाक्याचा शेवट भविष्याकडे असला, की फ्रेंचमध्ये कां, लोर्स्क, दे क, ओसितो क, यून फ्वा क ह्यांपैकी काहीतरी आणि त्यामागे पूर्ण भविष्य. दे क आणि ओसितो क म्हणजे 'लगेच', 'होताक्षणी', यून फ्वा क म्हणजे 'एकदा का झालं'. ह्या सापळ्याची उलट बाजूही आहे बरं का, 'मिळाला' दिसला म्हणून काहीजण सरळ पासे कोंपोझे घालतात, "कां जे रस्यू", आणि मग ते 'जेव्हा मला मिळाला तेव्हा' असं होतं, झालेल्या गोष्टीचं सांगणं. ती हे करत नव्हती, पण माझ्या बाकीच्या मराठी विद्यार्थ्यांमध्ये ही चूक मी कितीतरी वेळा पाहिलीये.

इथे तिने एक चांगला प्रश्न काढला. तिने एका फ्रेंच माणसाच्या मेसेजमध्ये "कां ज रसव्रे" असं साधं भविष्य पाहिलं होतं, ते चूक का? नाही, चूक नाही. मिळणं हे क्षणात होतं, तिथे साधं भविष्यही चालतं, पूर्ण भविष्य फक्त 'हातात पडल्यानंतरच' हे ठासून सांगतं. पण जी क्रिया वेळ खाते तिथे फरक पडतो. 'कां ज मांजरे, ज तापेलरे' म्हटलं तर मी जेवेन तेव्हा तुला फोन करेन, म्हणजे घास तोंडात असताना. 'कां जोरे मांजे' म्हटलं की जेवून झाल्यावर. जेवेन तेव्हा आणि जेवून झालं की. मराठीत आपण हे चुकत नाही.

पुढचं, 'जोरे आरिवे' आणि 'ज मोरे अँस्ताले'. ह्या चुका नुसत्या विसरण्याच्या वाटतात, येणं-जाणं-निघणं-पोहोचणं-जन्मणं-मरणं अशा थोड्या धातूंना आणि स्वतःवर उलटणाऱ्या सगळ्या क्रियांना एत्र लागतो, हे तिला पासे कोंपोझेमध्ये छान येत होतं. 'ज स्वी आरिवे' ती झोपेतही बरोबर म्हणेल. भविष्य आलं की मात्र 'जोरे' जिभेवर आधी यायचं, कारण तक्ता पाठ करताना पहिली ओळ तीच, सराव तिचाच झालेला. तिला मी म्हटलं की नवीन काहीच ठरवू नकोस. आधी पासे कोंपोझे म्हण, मग त्यातल्या फक्त मदतनीस क्रियापदाला भविष्यात ढकल. ज स्वी आरिवे, ज सरे आरिवे. जे पेये, जोरे पेये. ज म स्वी अँस्ताले, ज म सरे अँस्ताले. उरलेलं सगळं जागच्या जागी राहतं, सर्वनामं, नकार, सगळं. 'ज ने पा पेये'चं 'ज नोरे पा पेये'. तिने पंधरा वाक्यं अशी ढकलली, एकही चुकलं नाही, आणि मला स्वतःचाच राग आला की तक्ता वेगळा म्हणून कशाला शिकवला.

आणि मराठीत इथे एक गंमत आहे जी मला त्या दिवशी तिच्यासमोर बोलता बोलता दिसली. तिने आपलं वाक्य मराठीत सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मी डिपॉझिट भरलं असेल, मी पोहोचले असेन." असेल आणि असेन! तीच मुलगी, तोच 'मी', पण एकीकडे असेल आणि दुसरीकडे असेन. भरलं असेल हे डिपॉझिटच्या मागे चाललंय, नपुंसकलिंगी एकवचन. पोहोचले असेन हे तिच्या मागे. शाळेतले कर्मणी आणि कर्तरी प्रयोग. आता फ्रेंच बघा. एत्र असेल तर शेवटचं रूप बहुतेक वेळा कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतं, मुलगी लिहित असेल तर आरिवेला आणखी एक ई लागतो. आव्वार असेल तर कर्त्याकडे ढुंकूनही बघत नाही, कर्माकडे बघतं, तेही कर्म आधी आलं असेल तरच. 'जोरे प्री ले फोतो', मी फोटो काढले असतील, इथे फोतो मागून आलं, प्री तसंच. 'ले फोतो क जोरे प्रीझ', मी जे फोटो काढलेले असतील ते, इथे फोतो आधी आलं, स्त्रीलिंगी आहे, आणि प्रीचं प्रीझ झालं, ऐकूसुद्धा येतं. ह्या नियमाला लोक फार घाबरतात. मराठीत कर्म बहुतेकदा क्रियापदाच्या आधीच असतं आणि आपण 'चिठ्ठी लिहिली असेल, पत्रं लिहिली असतील' असं रोज जुळवतो, तेव्हा निदान कल्पना तरी परकी नाही.

मात्र ही तुलना सगळीकडे ओढायची नाही, ते मी तिला तिथेच सांगितलं. मराठीत 'ती धावली असेल', 'ती झोपली असेल' हेही कर्त्याच्या मागे जातं, पण फ्रेंचमध्ये धावणं आणि झोपणं आव्वार घेतात, एलोरा कूर्यू, एलोरा दोर्मी, आणि त्यात काही बदलत नाही. एत्रची यादी ती यादीच, ती पाठ हवी.

'सी'चं वाक्य. सी म्हणजे जर. इथे नियम एका ओळीचा आहे आणि अपवाद नाही: अट घालणाऱ्या सीच्या मागे भविष्यकाळ येत नाही, साधा नाही आणि पूर्णही नाही. 'तोपर्यंत मिळालेलं असलं तर' हे फ्रेंचमध्ये पासे कोंपोझेने सांगतात, "सी जे त्रूवे अं गारां दिसी ला, ज वू ल दिरे". ती म्हणाली की कांच्या मागे दोन्हीकडे भविष्य लावा म्हणता आणि सीच्या मागे अजिबात नको म्हणता, हे लक्षात कसं ठेवायचं. मी तिला सांगितलं की व्हिसा येणारच आहे असं तू धरून चालली आहेस, फक्त कधी ते माहीत नाही, म्हणून भविष्य. गारां मिळेल की नाही हेच माहीत नाही, त्याला फ्रेंच भविष्यात जागा देत नाही, तो आधी गृहीत धरून बघते. हे शास्त्र म्हणून कुणापुढे मांडणार नाही मी, लक्षात ठेवायला बरं पडतं एवढंच. तिला पूर्ण पटलं असं नाही वाटलं.

मेल नव्याने लिहिला तो असा:

"दे क जोरे रस्यू ल विझा, ज वूझांवेरे यून कोपी. जोरे पेये ला कोसियों आवां ल 30 ऊत. सी जे त्रूवे अं गारां दिसी ला, ज वू ल दिरे. ल 1 सेप्तांब्र ज सरे आरिवे आ लियों, ए ल 2 ज म सरे देजा अँस्ताले."

पाठवण्याआधी तिने आरिवे आणि अँस्तालेला दुसरा ई लावला का ते तपासलं, दुसऱ्या वाक्यात एस राहिला नाही ना ते बोट ठेवून बघितलं, आणि पाठवला. गुरुवारी सकाळी बाईंचं उत्तर आलं, खोली ठेवतेय, पण त्यात हेही होतं: "तां क वू नोरे पा पेये, ज न पूरे पा सिन्ये ल कोंत्रा." तिने मला विचारायच्या आधीच अर्थ लावला होता, जोपर्यंत तुम्ही पैसे भरले नसतील तोपर्यंत मला करारावर सही करता येणार नाही. तां क, जोपर्यंत, आणि नकारातलं पूर्ण भविष्य. आपण सरळ 'पैसे भरत नाही तोवर' म्हणतो, वर्तमानात, फ्रेंच मात्र इथेही 'भरलेले नसणं' भविष्यात धरून ठेवते. हे तिला शिकवायची वेळच आली नाही, बाईंनी शिकवलं.

मग एक अडचण आली जी मला अपेक्षित होती. तिने हे आपल्या तिकडच्या एका मैत्रिणीला फ्रेंचमध्ये कळवलं, बाई म्हणाल्या की तू पैसे भरलेस की मी करार पाठवते. आणि लिहिलं "एला दी केल मांवेरा ल कोंत्रा कां जोरे पेये", ह्यावेळी मुद्दाम एस न लावता. आणि ह्यावेळी एस हवा होता! ती हताश झाली, आत्ता तर सांगितलंत की एस म्हणजे असतं. खरंय. इथे मराठीची मदत संपते, कारण मराठी दुसऱ्याचं बोलणं सांगताना त्याचा काळ हलवत नाही, 'पाठवते असं म्हणाल्या' म्हणून मोकळी होते. फ्रेंचमध्ये 'म्हणाल्या' भूतकाळात गेलं की त्यांच्या तोंडचं भविष्यही मागे सरकतं, मांवेराचं मांवेरे होतं आणि जोरेला एस लागतो.

मग मी तिला तो एस आला कुठून ते सांगितलं, कारण मला ते फार आवडतं. बोलीतल्या लॅटिनमध्ये 'गाणार' म्हणायला लोक 'कान्तारे हाबेओ' म्हणायला लागले, शब्दशः 'गायचं आहे माझ्याकडे', आणि ते हाबेओ झिजून धातूला चिकटलं, त्याचंच आजचं शांतरे झालं. म्हणजे फ्रेंच भविष्याच्या शेवटी दिसणारं ए-आय, ए-एस, ए हे सगळं आव्वारचा वर्तमानकाळच आहे, आणि 'ओरे'मध्ये तर आव्वार दोनदा बसलाय. कंडिशनलही तसाच बनला, फक्त शेवटी आव्वारच्या वर्तमानाऐवजी त्याच्या भूतकाळाचं रूप चिकटलं, ते ए-आय-एस. म्हणजे तो एस भूतकाळाची खूण आहे. आत्ता उभं राहून पुढे बघितलं तर जोरे, नुसतं. काल उभं राहून पुढे बघितलं तर जोरे, एस लावून. बाई काल म्हणाल्या म्हणून एस. आणि 'भरलं असतं'मध्येही बघणं मागे उभं राहूनच असतं, ती वेळ निघून गेलेली असते. हे ऐकल्यावर तिने स्वतःहून जुना मेल काढून परत वाचला.

राहिलेल्या वापरांवर आम्ही त्या दिवशी पाचेक मिनिटं घालवली असतील. कर्ता एकच असेल तर एवढा खटाटोप टाळता येतो, 'आप्रेझाव्वार पेये', पैसे भरून झाल्यावर, की पुढे हवा तो काळ. आप्रे क, म्हणजे 'झाल्यानंतर', वापरलं तर मागे असंच साधं विधानाचं रूप, सबजंक्टिव्ह (इच्छा, शंका अशा ठिकाणी येणारं क्रियापदाचं वेगळं रूप) नाही, आणि आवां क, म्हणजे 'आधी', त्याला मात्र सबजंक्टिव्ह. बातम्यांमध्ये हाच काळ झालेल्या गोष्टीचा हिशोब मांडायला येतो, 'इलोरा फाल्यू आतांद्र 1944', बायकांना मताचा हक्क मिळायला फ्रान्समध्ये 1944 साल उजाडावं लागलं, गोष्ट केव्हाच होऊन गेलीये पण वाक्य भविष्यात, शेवटी उभं राहून मागे बघितल्यासारखं. आणि शेवटचं, अंदाज. 'इलोरा ऊब्लिये', तो विसरला असेल. इथे मराठी आणि फ्रेंच हुबेहूब एक आहेत, इतक्या की मी उदाहरण दिलं आणि तिने "हो मग?" अशा नजरेने पाहिलं, शिकवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. फक्त एवढं सांगितलं की बोलताना लोक बहुतेक 'इला द्यू ऊब्लिये' म्हणतात, ओरावालं अंदाजाचं वाक्य जास्त करून लिहिण्यात दिसतं.

ऑगस्ट संपायच्या आत व्हिसा आला, कॉपी गेली, पैसे भरले गेले. बी-दोनच्या परीक्षेत तासाभरात किमान 250 शब्दांचं लेखन करायचं असतं, बऱ्याचदा औपचारिक पत्र, त्याच्या सरावाला आम्ही हाच मेल वाढवून वाढवून वापरला, आणि सीच्या मागे तिचं भविष्य अजूनही अधूनमधून डोकावतं, परवाच्या सराव पत्रातही एकदा आलं होतं.

2 सप्टेंबरला मला तिच्याकडून एक फोटो आला, खिडकीतून काढलेला, खाली ओला रस्ता, वर आकाश मोकळं. खाली एकच ओळ, "इलोरा प्ल्यू सेत न्वी." रात्री पाऊस पडून गेला असेल.